पिंपातली संध्याकाळ

नाटकात खटकन अंधार झाला की मन्मथअप्पा प्रेक्षकांत उभे राहून ओरडायचे. "अरे, दिवस असा मावळतो व्हय? खटका दाबून? अंधार बी नीट पाडता येत न्हाई तुमाला!" नट संवाद विसरायचा, पुढच्या रांगेतले पुढारी मागे वळायचे आणि कोणीतरी धोतर ओढून अप्पांना खाली बसवायचं.

लातुरात गोलाईच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान धाकटा भाऊ सांभाळायचा आणि अप्पा दिवसभर आमच्या ग्रंथालयात. मी तिथे सहायक ग्रंथपाल. नाटकाच्या प्रकाशयोजनेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्याकडे होतं, घरी न देण्याच्या कपाटात. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. ते चित्रावर बोट ठेवून खेकसायचे, "ओ ग्रंथपाल! हे काय म्हणायलंय?" मी सांगितलेलं पटलं नाही की पुस्तक लिहिणाऱ्या साहेबालाही झापायचे. वेशभूषेच्या पुस्तकांची तीच गत. एकदा ऐतिहासिक नाटकात महाराणी रडत रडत आली, तर हे भर सभागृहात म्हणाले, "त्यो शालू न्हाई, पडद्याचं कापड हाय. म्याच दिलंय!" महाराणीला पुढे रडताच आलं नाही.

खरं सांगतो, मला या माणसाचा भयंकर राग यायचा. बाकीचे वाचक दबून असायचे आणि हे 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून जगाला शिव्या द्यायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडेतिकडे पाट्या रंगवणं चाललेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्यानेसुद्धा 'जिल्हा टेलर्स' करून घेतलं. नळाला मात्र पाणी नव्हतं. पावसाने पाठ फिरवली होती आणि टँकर आला की गल्लीत झिंज्या उपटल्या जायच्या. माझी बायको घागर घेऊन उन्हात ताटकळायची. नेमक्या त्याच दिवसांत अप्पांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "ह्या पिंपाचं काय हाय?"

मी वाचून सांगितलं आणि पस्तावलो. पिंपात मिठाचं पाणी भरायचं, कारण नुसत्या पाण्यातून वीज पुरेशी जात नाही; त्यात दोन पत्रे सोडायचे, एक तळाशी आणि एक वरून दोराला टांगलेला, आणि दिव्याची वीज त्या पाण्यातून न्यायची. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळतो, हळूहळू वर ओढला की मंद होत जातो. जिल्हा झाल्याच्या आनंदात गावातली हौशी मंडळी नाटक बसवत होती आणि शेवटच्या प्रवेशात दिवस मावळायचा होता. अप्पांना हवं ते सापडलं.

"दोन पिंपं भरून पाणी लागंल," ते म्हणाले.

"अप्पा, माणसं घोटभर पाण्यासाठी भांडतायत आणि तुम्ही त्यात मीठ कालवणार? खोट्या सूर्यासाठी? लाज वाटत नाही?" मी ओरडलो. सगळं ग्रंथालय बघत होतं.

"कुणाच्या घागरीला हात लावणार न्हाई. माझ्या घरचं घेतो."

घरचं म्हणजे त्यांच्या बायकोने, गिरजाकाकूंनी, डोक्यावरून आणलेलं. काकूंनी कसंबसं वाचवलेलं पाणी पिंपात जाऊ लागलं. अप्पांनी आंघोळ सोडली, पूजेपुरतं ओल्या फडक्याने अंग पुसायचे. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे ग्रंथालयात त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. माझा राग आणखी वाढला.

प्रयोगाला मी मुद्दाम विंगेत जाऊन उभा राहिलो, फजिती बघायला. शेवटच्या प्रवेशाआधी पडदा पडला. अप्पांनी खटका लावला. दिवे जेमतेम लाल झाले आणि तसेच राहिले.

"मीठ कुठाय?" दिग्दर्शक किंचाळला.

मीठ अप्पांच्या हातात होतं, पुडा फोडलेला.

"मग टाका ना!"

अप्पा पिंपाकडे बघत राहिले. "गोडं पाणी हाय हो," ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की दुसरंच कोणी बोलतंय असं मला वाटलं. "तिनं उन्हातान्हात आणलंय. हात उठंना."

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. दिग्दर्शक पुडा हिसकायला धावला आणि मी त्याला आडवा झालो. "राहू द्या. खटका दाबून करा अंधार!"

एवढ्यात गिरजाकाकू पुढच्या रांगेतून उठून पायऱ्या चढून आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं.

"म्या पाणी कशापायी आणलं?" त्या अप्पांवर कडाडल्या. "लगीन झाल्यापून दिवस मावळाया लागला की म्या चुलीपुढं. कवा बघितलाच न्हाई. पुढं बशीवतो अन् दावतो, म्हणलं व्हतं न्हवं? मग दावा!"

अप्पांनी घाईने खटका बंद केला. काकूंनी पुडा घेतला, दोन्ही पिंपांत मीठ ओतलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

पडदा वर गेला. अंगणात लख्ख ऊन होतं. अप्पा दोर धरून पत्रे वर घेत होते, इतके सावकाश की हात हलतोय हेही दिसेना. ऊन पिवळं झालं, मग तांबूस, आणि अंधार कधी झाला ते मलाही कळलं नाही. त्या पाण्यावरून आलेला माझा राग अजून गेलेला नाही. पण तेव्हा माझे डोळे भरून आले, हेही खरं.

टाळ्या संपल्या, सभागृहातले दिवे लागले, लोक उठले. काकू उठल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून रिकाम्या रंगमंचाकडे बघत होत्या. मी त्यांना बोलवायला निघालो तर अप्पांनी माझा दंड धरला.

"बसू द्या तिला," ते म्हणाले. "सयपाकाचं आज म्या बघतो."