कुंकू लावलेले दोन पेनड्राइव्ह

प्रफुल लंडनला निघाला त्या सकाळीही मुखरूभाऊ पोराशी बोलले नाहीत. व्हिसा आल्याचं ऐकलं त्या दिवशी त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. एकुलता एक पोरगा सातासमुद्रापार निघाला, हा धक्काच त्यांना पचेना. प्रफुलला मात्र जाताना बापाचा एक शब्द हवा होता. नोकरी, पगार सगळं खरं, पण त्या एका शब्दावाचून पाय निघेना. आणि मुखरूभाऊ तर साउंडबॉक्स खांद्यावर टाकून धानाच्या बांधीकडे चालते झाले!

"बाबा काऊन गेले वं, माय?"

"डुकरं येऊन राह्यलीत ना बाप्पा. हाती आलेलं धान टाकून कसे येतीन?" सुगंधाबाईंनी डोळे पुसत पोराला ओवाळलं.

प्रवासासाठी प्रफुलनं महिनाभर खपून दोनशे गाणी पेनड्राइव्हमध्ये भरली होती. नागपूरच्या विमानतळापर्यंत गाडीत ऐकायची आणि पुढं लंडनच्या खोलीत. डुकरं हाकलायला साउंडबॉक्सला लावायचा मुखरूभाऊंचा पेनड्राइव्हही अगदी तसाच काळा. दोन्ही सिंदेवाहीच्या एकाच दुकानातले. घोटाळा नको म्हणून प्रफुलनं आपल्या पेनड्राइव्हला आईकडून कुंकवाचं बोट लावून घेतलं होतं. मग दुसरा बिचारा कोरा कसा ठेवायचा, म्हणून माउलीनं त्यालाही लावलं.

पोराला विमानतळावर सोडायला सुगंधाबाईही गाडीत बसल्या. गाडी नागभीडच्या अलीकडं जंगलात शिरली. लच्छू ड्रायव्हरनं काचा खाली केल्या, पेनड्राइव्ह खोचला आणि आवाज पार टोकाला नेला. "भाऊ, लंडनले चालले तुमी, गाना जोरातच पायजे!"

क्षणभर शांतता. आणि मग असा काही वाघ डरकाळला म्हणता, की सुगंधाबाईंच्या हातातला डबा उडाला.

"अगा माय! मांगच्या सीटवर हाये!" लच्छूनं ब्रेक मारला, दार उघडलं आणि बघता बघता तो रस्त्याकडेच्या झाडावर. सुगंधाबाई देवाचं नाव घेऊ लागल्या. लंडनचा इंजिनिअर पासपोर्ट दातात धरून सीटखाली शिरला.

समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं झाडावरचा माणूस पाहिला आणि गाडी वळवली. मागून एसटी आली, थांबली. प्रवाशांनी खिडक्या लावल्या आणि मोबाइल बाहेर काढले. कोणीतरी फोन लावला. जवळच्याच नाक्यावरून हातात काठी घेऊन वनरक्षक पोचला.

"कोनीबी हलू नका! वाघ कुठी हाये?"

"गाडीत!" लच्छू वरून ओरडला.

डरकाळीला दहा मिनिटं होत आली, तरी चिटपाखरू हललं नाही. डुकरांना सवय होऊ नये म्हणून मुखरूभाऊंनी मध्ये नेमकी दहा मिनिटांचीच शांतता भरली होती, हे त्या रस्त्यावर कोणाला ठाऊक! मग वाघ पुन्हा गरजला आणि त्याच्या पाठोपाठ गाडीतूनच एक माणूस कडाडला, "हाट्! हुर्र! निघ इथून! माह्या धानाले तोंड लावशीन त तंगडं तोडीन!"

वनरक्षकाच्या हातातली काठी गळाली. "वाघाले दम देनारा हा कोन हाये बे?"

"माहा बाबा," सीटखालून प्रफुल म्हणाला.

सगळा उलगडा होऊन लच्छू झाडावरून उतरेपर्यंत अर्धा तास गेला. विमान कसंबसं मिळालं.

लंडनला चौथ्या दिवशी फोन वाजला. मुखरूभाऊ! प्रफुलच्या हातून चहा सांडायचाच राहिला.

"काय भरलं बे तू त्याच्यात?"

"गाने, बाबा."

"चार दिवस झाले, एक डुक्कर बांधीकडं फिरकलं नाई. वाघाले भेत नोहोते, तुह्या गान्याले भेऊन राह्यले. शेजारचा पोचू बी मांगून राह्यला."

प्रफुलला हसावं की रडावं कळेना. बाप बोलत होता!

"तुमचा पेनड्राइव्ह इथीच हाये, बाबा. पाठवून देऊ?"

पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही. दहा मिनिटं आहेत की काय, असं प्रफुलला वाटून गेलं.

"राहू दे तुह्यापाशीच," मुखरूभाऊ म्हणाले. "तिथी कोनी तरास देला त लावजो."