निर्मलाताईंची ट्रायल

निर्मलाताई गायकवाड माणसांना गिअरवरून ओळखतात. कुणाची ओळख करून दिली की त्या दोन मिनिटं समोरच्याचं बोलणं ऐकतात आणि नंतर मला बाजूला घेऊन निकाल सांगतात. "चांगला आहे गं, पण दुसऱ्यातच अडकलाय." आमच्या बँकेचे मॅनेजर त्यांच्या मते रिव्हर्समध्ये असतात, आणि माझे यजमान कायमचे न्यूट्रलला. "इंजिन चालू आहे, आवाज येतोय, गाडी काही जागची हलत नाही," हे त्यांनी माझ्याच घरी, माझ्याच हातचे पोहे खाताना, ह्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. हे हसले. न्यूट्रलमधला माणूस दुसरं काय करणार?

ताई खोपोलीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. कर्जतला दहिवलीत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. त्या वरच्या मजल्यावर, एकट्या. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझी बँकही खोपोलीतच, त्यामुळे कित्येक वर्षं मी त्यांच्या करड्या म्हाताऱ्या गाडीत डावीकडे बसून कामाला जाते. बसते म्हणजे सीट घट्ट धरून असते. पळसदरीच्या पुढे रस्ता मोकळा दिसला की ताई पदर खोचतात आणि मी डोळे मिटते. वळणावर तर त्यांना शिकवायची हुक्कीच येते.

"वैशू, आता तू दाराकडे ढकलली गेलीस ना? प्रत्यक्षात कोणी ढकललं नाही तुला. तुला सरळ जायचंय, गाडीला वळायचंय, एवढंच भांडण आहे."

"ताई, समोर टेंपो आहे."

"दिसलाय. तो पहिल्यात आहे बिचारा."

डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. त्या गाडीत शांत असलेली ती एकटीच.

करडी गाडी चढावर धापा टाकायला लागली तेव्हा ताईंनी जाहीर केलं, की रिटायर व्हायच्या आत एक खरी गाडी घ्यायची. खरी म्हणजे कुठली? तर हॉट हॅच. हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. "बाहेरून बघितलीस तर भाजी आणायला निघाल्यासारखी दिसते. छोटी, गोंडस. आणि पाय टेकवला की..." पुढचं वाक्य त्यांनी हातानेच पुरं केलं. तो हात माझ्या चष्म्याला लागला.

नेरळला त्यांचा भाऊ असतो. त्याने फोनवर विचारलं, "अक्का, एकट्या बाईला एवढी पळणारी गाडी कशाला? कुठे जायचंय एवढ्या घाईने?" ताई म्हणाल्या, "तुझा क्लच सुटलाय," आणि फोन ठेवला. त्या दिवशी खोपोलीपर्यंत मात्र त्यांनी कुणाचाच गिअर सांगितला नाही.

गाड्या दोन ठरल्या. एक नवीकोरी, पनवेलच्या शोरूममधली. दुसरी बारा वर्षांची, लाल, खोपोलीजवळच्या कुंभिवलीच्या कुणा प्रधानांची. दोघी एकाच जातकुळीतल्या, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीणच म्हणा.

शोरूमला मला बरोबर नेलं. तिथल्या टायवाल्या मुलाने आम्हाला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "सर येतायत का मॅडम? मग दाखवायला सुरुवात करतो."

"सर मीच," ताई म्हणाल्या. "बॉनेट उघड."

गाडी निळी होती. आत भलामोठा पडदा, आणि ती बोलायची. ताईंनी हायवेला जरा उजवीकडे घेतली तर म्हणाली, कृपया लेनमध्ये राहा. ताई म्हणाल्या, "तू गप्प बस." थोड्या वेळाने म्हणाली, विश्रांतीची वेळ झाली आहे. "हिला कोणी विचारलंय?" ताई भडकल्या. मुलगा मागच्या सीटवर घामाघूम. पण परत वळताना रस्ता रिकामा मिळाला, ताईंनी पाय टेकवला, आणि माझी पाठ खरंच सीटला चिकटली. मी डोळे उघडून ताईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या, लहान मुलगी झोपाळ्यावर हसते तशा.

"आहे," उतरताना एवढंच म्हणाल्या. "पिकअप आहे हिला. फक्त तोंड जास्त आहे."

पुढच्या रविवारी कुंभिवलीला गेलो. हायवेपासून थोडं आत प्रधानांचं बैठं घर, आणि पोर्चमध्ये आरशासारखी पुसलेली लाल गाडी. प्रधानकाका सत्तरीचे, उंच, गळ्यात भर दुपारीसुद्धा चॉकलेटी मफलर. कारखान्यात इंजिनिअर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मंजिरी नाशिकला. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, म्हणून विकायला काढलेली.

"आधी चालवून बघा मॅडम," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो. तिला अनोळखी माणसाची सवय नाही."

मी मागे बसले. शिळफाट्यापर्यंत काका एक अक्षर बोलले नाहीत. मान थोडी कलती करून इंजिन ऐकत होते. घाटाच्या पायथ्याला चढ लागला, आणि ताई गिअर बदलणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. अजून देते ती. ...हां, आता."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता काकांचाही गिअर सांगतील. पण त्या म्हणाल्या, "मी तेच करणार होते."

"माहितीय. पाय कळतो ऐकून."

पोर्चमध्ये परत आलो, काकांनी स्वतः चहा केला. ताई म्हणाल्या, "विचार करून सांगते." काका म्हणाले, "घाई नाही."

आणि खरोखरच दोघांना कसलीच घाई नव्हती. पुढच्या रविवारी ताई परत गेल्या, कारण डाव्या बाजूने बारीक आवाज येत होता तो नीट ऐकायचा होता. त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी तो आवाज काढून टाकला होता, तेव्हा तो खरंच गेला की नाही ते बघायचं होतं. मग काका म्हणाले, ओल्या रस्त्यावर ही कशी धरते ते बघितल्याशिवाय घेऊ नका. तेव्हा मे महिना चालू होता. पाऊस येऊन गेला. मग ताईंना पडलं, की थंडीत सकाळी एका चावीत सुरू होते का? आता थंडीची वाट बघणं आलं.

शोरूमचा मुलगा दर आठवड्याला फोन करायचा. "मॅडम, निर्णय झाला का?"

"एवढा मोठा निर्णय आहे बाळा. तुलना चालू आहे."

मी अधूनमधून बरोबर जायचे. काका आणि ताई पुढे बसून कडाकडा भांडायचे. इंजिनाला किती दमवावं, ब्रेक वळणाच्या आधी की वळणात, पडदेवाल्या गाड्यांनी माणसं बिघडवली की माणसांनी गाड्या. "गायकवाड मॅडम, तुम्ही पुस्तकातलं सांगताय." "प्रधानसाहेब, पुस्तक घाटावरूनच लिहिलंय." मागे बसून मला एवढंच जाणवायचं, की ह्या गाडीत ताई कोणालाच गिअर लावत नाहीत. आणि काका इथे मफलर काढून मागच्या सीटवर माझ्या बाजूला टाकतात, जणू घरी आले.

काकांच्या घरासमोर कुसुमबाईंची चहाची टपरी आहे. थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. ते दोघं फेरीला गेले होते आणि मला बरं नव्हतं म्हणून मी टपरीवरच बसले होते. कुसुमबाई म्हणाल्या, "तुमच्या मॅडम कवा घेनार गं गाडी?"

"विचार चालू आहे त्यांचा."

"त्यांचा इचार चालूच हाय न् यांचाबी. बदलापूरचा जुन्या गाड्यांचा दुकानदार दोनदा येऊन गेला, पनवेलचे आले, कितीजन आले. म्हातारा सगल्यांना सांगतो, गाडी इकली." त्यांनी चहा गाळता गाळता रस्त्याकडे पाहिलं. "रईवारी सकाळी उठल्यापासनं पुसत असतो तिला. आमी समजून हाव. कोन काय बोलत नाय."

मी ताईंना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना परत जाता आलं नसतं, असं काहीतरी मला वाटलं.

पण डोळे काही ऐकेनात. काका एकदा पायरी चुकले, पडले, मनगट मुरगळलं. मुलगी म्हणाली, बस झालं, आता नाशिकला चला. ही बातमी काकांनी ताईंना रविवारच्या फेरीत सांगितली, पुढचा रस्ता बघत, एखाद्या स्पेअर पार्टबद्दल बोलावं तशी. "पुढच्या रविवारी मंजिरी न्यायला येतेय. गाडीचं काय ते ठरवा. पहिला हक्क तुमचा." ताईंनी गाडी सावकाश बाजूला घेतली आणि उभी केली. काय झालं, मी मागून विचारलं. "काही नाही, आरसा नीट करते," म्हणाल्या. आरसा नीटच होता.

त्या आठवड्यात ताईंनी एकाही वळणावर मला शिकवलं नाही. मला खात्री होती, त्या लाल गाडी घेणार. निदान गाडी तरी राहील, असं मीही मनात म्हणत होते. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मला म्हणाल्या, "तू आज लोकलने जा, मला काम आहे." कसलं, ते सांगितलं नाही.

रविवारी पोर्चमध्ये मंजिरी सामान बांधत होती. काका खुर्चीत, मनगटाला पट्टा. दारातच तो बदलापूरचा दुकानदारही उभा होता. मंजिरीनेच त्याला बोलावलं असावं. काका त्याला म्हणाले, "जरा थांबा हो. आधी मॅडम." आणि चावी ताईंपुढे धरली.

ताईंनी चावी घेतली नाही. म्हणाल्या, "मला लाल नको, साहेब."

काकांचा चेहरा मला आजही आठवतो. "का? काय कमी आहे हिच्यात?"

"काहीच कमी नाही. पण वय झालंय तिचं. दर रविवारी कर्जतहून नाशिकला जाऊन परत यायचं, मध्येच कुठे बसली तर मी एकटी काय करू? काल नवी बुक केली."

मंजिरीच्या हातात सुतळी तशीच राहिली.

"ती बोलणारी?" काकांनी विचारलं.

"तीच."

"गिअर?"

"हाताने बदलायचे. तसली मागवावी लागते, वेळ लागणार आहे. मी म्हटलं लागू दे."

"मध्ये कसारा घाट आहे, मॅडम."

"म्हणूनच तर."

काकांनी चावी दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. मग मुलीकडे वळले आणि म्हणाले, "मंजू, तुमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला जागा असते का गं?"

"असते बाबा," मंजिरी म्हणाली आणि घाईने आत गेली.

लाल गाडी बदलापूरला गेली. काका नाशिकला गेले. नवी गाडी अजून आलेली नाही. आता ताई शोरूमच्या मुलाला दर आठवड्याला फोन करतात आणि तो म्हणतो, मॅडम, तुम्हीच हाताचे गिअर मागितलेत. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेव्हा ताई आवरून, इस्त्रीची साडी नेसून बाल्कनीत बसलेल्या दिसतात. कुठे निघाल्यात असं वाटतं. निघालेल्या नसतात.

परवाच्या रविवारी मात्र त्यांनी खालून हाक मारली. "वैशू, चल. बदलापूरला जायचंय."

"तिकडे काय?"

"नाशिकला थंडी वाढलीय म्हणे. त्यांचा मफलर त्या गाडीतच राहिला, मागच्या सीटवर. फोनवर खोकत होते."

"अहो, नाशिकला मफलर मिळतात ताई."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चपला घातल्या.

दुकानदार भला माणूस. मफलर त्याने पिशवीत घालून जपून ठेवला होता. लाल गाडी दुकानासमोरच उभी होती, तेवढी पुसलेली नाही, पण बरी होती. त्याने आपण होऊन चावी पुढे केली. "मॅडम, एक चक्कर मारा की. तुमचीच समजा."

ताईंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. "नको दादा," म्हणाल्या, "शेजारी बसून सांगायला कोणी नाही."

मी होते तिथेच. पण त्या म्हणत होत्या ते मला कळलं होतं.

करड्या गाडीत बसल्यावर त्यांनी मफलर पिशवीतून काढला, झटकला, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "धरून बस हं," म्हणाल्या. वांगणी गेली, नेरळ गेलं, भावाच्या घराचा फाटा गेला. रस्ता मोकळा होता, मागचे हॉर्न वाजवून पुढे निघून जात होते. ताईंनी कर्जतपर्यंत गाडी चाळीसच्या वर नेली नाही.