कळंबचे चिनी लहूकाका

लहूकाका माणसाचा चेहरा बघत नाहीत, दात बघतात. परवा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "कोण रं तू? हास बघू." मुख्याध्यापक हसले. "हां, डावी दाढ. ओळखलं."

खरं नाव ल्यू. लहानपणी बापाचं बोट धरून चीनहून हैदराबादला आले, तिथल्याच एका चिनी मुलीशी लग्न करून कळंबला आले आणि लोकांना कवळ्या बसवायला लागले. 'ल्यू' म्हणायला गावाची जीभ वळेना, म्हणून गावानं त्यांचा लहू केला. बोलणं आमच्यासारखंच, वर हैदराबादी फोडणी. मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गिऱ्हाइकाला त्यांचा एकच मंत्र: "तोंड उघडा, डोकं बंद करा."

गावाचं डोकं बंदच होतं, ते करोनात दिसलं. लोकांनी काकांच्या दारावरून जाणं सोडलं. "ह्यांच्याकडूनच आलंय," म्हणायचे. ज्यानं पोरवयानंतर चीन डोळ्यांनी पाहिला नाही त्याच्याबद्दल! त्यांच्याच हातची कवळी तोंडात घालून त्यांनाच नावं ठेवायची. काका खिडकीतून ओरडत, "हळू बोला, निखळंल!"

दुसऱ्यांच्या तोंडात हात घालण्यात जन्म गेला, पण स्वतःला डॉक्टरनं हात लावलेला काकांना खपत नसे. कसलंही दुखणं असो, औषध एकच: गरम पाणी. मे महिन्यात गाव कुल्फी चोखायचं तेव्हा हे वाफाळतं पाणी फुंकून प्यायचे. एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करायला एक समाजसेविका आली.

"मूळ गाव, आजोबा?"

"कळंब."

"त्याआधी?"

"हैदराबाद."

"त्याच्याही आधी?"

"आईचं पोट. तिथला पत्ता न्हाय."

"तपासायला घरी नर्स पाठवू का?"

"नक्को. तिचे दात दुखले तर येऊ दे."

मागच्या हिवाळ्यात काका मोरीत घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ताप चढला आणि काकांचं मराठी गेलं. तोंडातून येईल ते चिनी. नर्स विचारायची, "कुठं दुखतंय?" काका तिला लांबलचक हकिकत सांगायचे. डॉक्टरांनी आम्हा शेजाऱ्यांना गंभीरपणे विचारलं, "ह्यांची भाषा कुणाला येते?" जणू आमच्या गल्लीत घरटी एक चिनी.

शेवटी माझी आई उशाशी बसली. काका चिनीत बोलायचे, ती "व्हय की, मग वो?" म्हणत हुंकार भरायची आणि उलट गल्लीतली भांडणं सांगायची. मधेच त्यांच्या पायावर, पोटावर हात ठेवून बघायची. काका कण्हले की नर्सला हाक.

ताप उतरला, मराठी परत आलं. काकांनी आईला हळूच विचारलं, "कमलबाई, म्या काय बोललो?"

"मला काय कळतंय? पर लई तावातावानं. भांडल्यागत."

काका छताकडं बघत म्हणाले, "बायको आलती. तिच्याशीच भांडत होतो. ती गेल्यापासून ती भाषा बोललोच न्हाय. भांडायला तरी माणूस लागतंय."

आईचं बोलणं कधी अडत नाही. "मग मला तुमच्यातली एक शिवी शिकवा. चांगली तिखट."

काका लाजले. नक्को नक्को म्हणाले. मग शिकवली.

आता काका घरी आहेत, काठी घेऊन चालतात. रोज संध्याकाळी आई ओट्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती शिवी हासडते. उच्चार चुकतो. काका दारातून खेकसून सुधारतात. ती पुन्हा चुकते. मला संशय आहे, हल्ली ती मुद्दाम चुकते.

मागच्या आठवड्यात आई मावशीकडं वाशीला गेली. संध्याकाळी काका काठी टेकत आमच्या दारात आले. "कमलबाई दिसंना?"

"वाशीला गेलीय. उद्या येईल."

"बरं," म्हणाले, पण गेले नाहीत. ओट्यावर बसत म्हणाले, "तुला येती का रं ती शिवी?"