पाहुण्याची कपबशी

मुल्की होणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी साऱ्या बेंबळीला सांगून ठेवलं होतं! निजामाच्या राज्यात पंधरा वर्षं राहिला तो मुल्की. नोकरी कायम व्हायची ती त्याचीच. मी बेंबळीच्या शाळेत मास्तर, पण मूळचा बार्शीचा, म्हणजे इंग्रजी हद्दीतला. वर्षं बरीच कमी भरत होती. पण वर्षांचं काय, ताणली की वाढतात! न ताणावीत तर नोकरी जाणार आणि गावही सुटणार. आणि गाव तर मला काही केल्या सोडायचं नव्हतं.

चौकशीला तहसील कचेरीतले पेशकार जलीलसाहेब आले. ज्यांच्या घरी मी बिऱ्हाड केलं होतं ते बलभीमअप्पा आणि शेजारचा हनीफ शिंपी, दोघांनाही मी पढवून ठेवलं होतं.

“मास्तर कुठले?”

“हितलेच की!” अप्पा गरजले. “आमच्या घरातलेच!”

“साहेब, ह्यांचं पहिलं झबलं म्याच शिवलं!” हनीफ म्हणाला.

हनीफला नुकती मिसरूड फुटलेली! पण साहेब हसले. “ठीक आहे. मारतो दाखल्यावर शिक्का.”

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अप्पांच्या कारभारीण विठाबाई चहा घेऊन आल्या. घरात कपबश्या दोनच. एक साहेबांपुढं ठेवली, एक माझ्यापुढं. अप्पांना आणि हनीफला पितळेच्या वाट्या.

साहेबांची बशी ओठाशीच थांबली.

“मालकाला वाटी अन् मास्तरला कप?”

“पाव्हण्याला वाटीत च्या देत्यात व्हय?” विठाबाई म्हणाल्या. “आल्यापासनं कपातच देती. येक दिस खंड न्हाय!”

“आले कधी?”

आम्ही तिघंही असे खोकलो की दारातला बैल बिथरला!

“आमचा दामू पाळण्यात व्हता बगा.”

“दामू कुठं आहे?”

“शाळंत. मास्तरांच्याच वर्गात, तिसरीत!”

साहेबांनी शिक्का पिशवीत टाकला.

काय घडलं ते कळल्यावर विठाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. “म्या मान दिला वो, मास्तर!” त्यांना काय बोल लावायचा? इतकी वर्षं तो कपातला चहा मी मिटक्या मारत प्यायलो होतो, वाटी एकदाही मागितली नव्हती. फार वाईट वाटलं.

नोकरी गेली, गावही सुटलं. बार्शीला थोरल्या भावाच्या दारात उतरलो. काही झालं तरी आपलं घर! वहिनी चहा घेऊन आल्या. दादाला वाटी, पोरांना वाटी. माझ्यापुढं कपबशी.

“वहिनी,” मी म्हणालो, “मला वाटीत द्या.”

“अगंबाई!” वहिनी म्हणाल्या. “पाहुण्याला वाटीत देतात होय?”