इनासचे उसने कान

इनास आमच्या घरी आला की आधी फ्रिज बंद करतो. चहा नको, पाणी नको. सरळ किचनमध्ये जायचं, फ्रिज भिंतीपासून पुढं ओढायचा आणि मागचा प्लग उपटायचा. मग स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यावर ठेवायची, खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "आता बोला. आता आवाज स्वच्छ झाला."

हा गडी सिनेमावाल्यांबरोबर आवाज पकडायचं काम करतो. कुणाच्या घरात शूटिंग असलं की फ्रिजची घरघर नको म्हणून ही मंडळी तो बंद करतात. नंतर चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली आत ठेवतात. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज उघडावाच लागतो. मला ही अक्कल आवडली. माझी सून स्मिता, तिला नाही आवडली. एकदा तिनं पाहुण्यांसाठी आणलेलं आईस्क्रीम इनासच्या स्वच्छ आवाजात विरघळून खाली भाजीच्या कप्प्यात उतरलं. ती भराभर इंग्लिशमधून काय बोलली ते मला कळलं नाही. इनासला विचारलं तर म्हणाला, "आवाज मळका होता. अर्थ लागला नाही."

त्याच्या लेखी जगात माणसं दोनच जातींची, मळक्या आवाजाची आणि स्वच्छ आवाजाची. त्याच्या चर्चमधल्या फादरचा आवाज मळका, "घशात पत्र्याचे डबे ठेवलेत." आमच्या महेशचा स्वच्छ, "पण आत काही नाही, नुसती बरणी." महेश माझा मुलगा, म्हणून मी रागवायला पाहिजे होतं. पण खोटं कशाला बोला. मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा मी इनासला नेलं. आरती रंगात आली असताना हा झांजवाल्याजवळ जाऊन म्हणतो, "जरा लांब हो रे, माईकवर येतोस." तिथं माईक नव्हताच.

इनास मूळचा वसईचा, क्रिस्ताव. इथं कॅनडात, व्हिटबीला, आमच्यापासून दोन घरं सोडून एकटा राहतो. बायको केव्हाच वारली, मुलगी तिकडे मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला. मी कराड डेपोचा एसटी ड्रायव्हर, शिक्षण सातवी. महेशनं मला आणि माझ्या बायकोला, शालनला, इकडे आणलं आणि बेसमेंटमध्ये ठेवलं. बेसमेंट चांगलं आहे, गालिचा आहे, वेगळी वॉशरूम आहे. खिडकीतून लोकांचे बूट दिसतात.

मग शालन गेली. हॉस्पिटलमध्ये गेली आणि आली नाही.

त्यानंतर मंडळाची झाडून सगळी माणसं मला शहाणं करायला आली. एक म्हणाला, "काका, कीप बिझी." दुसऱ्यानं सिनियर सेंटरचं सांगितलं, तिथं म्हणे म्हाताऱ्यांना गाण्यावर नाचवतात. नागपूरच्या एका बाईंनी मला श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं, जसा काही मी तोपर्यंत उधारीवर जगत होतो. महेशनं चालायचं मशीन आणून ठेवलं. त्यावर मी टॉवेल वाळत घातले. वर जेवायला जाणं मी बंद केलं. स्मिता ताट खाली आणून ठेवायची आणि न्यायची. बोलायला मला काही राहिलं नव्हतं आणि ऐकायला तर त्याहून नव्हतं.

इनास मात्र सांत्वनाला आलाच नाही. आला तो ऐन थंडीत, आणि येऊन घर गरम ठेवणारी बेसमेंटमधली फर्नेस बंद केली. बाहेर ढोपरभर बर्फ, आत मी.

"ड्रायवर," तो म्हणाला, "तुझे कान कसे आहेत?"

"जागेवर आहेत."

"माझे गेले." मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "बारीक आवाज येत नाहीत. कावळा ऐकू येतो. कावळ्याच्या वरच्या पट्टीतलं काही नाही. आणि आता काम आलंय आफ्रिकेत, नामिबियाला. पिक्चर कशावर, तर पाखरांवर."

"मग जाऊ नको."

"हे शेवटचं काम आहे रे बाबा. यात कळलं की म्हातारा बहिरा झालाय, तर उद्या सगळ्या लाइनीत बोभाटा. डायरेक्टरीण क्लेअर मॉन्ट्रियलची आहे, कडक आहे. तू माझ्याबरोबर चल. गाडी चालव, वायर धर आणि माझे कान हो. कुणाला बोलायचं नाही."

"म्हणजे फसवाफसवी."

"पार्टनरशिप," इनास म्हणाला आणि फर्नेस चालू न करताच गेला.

मी हो का म्हणालो? एक तर थंडी वाजत होती. दुसरं म्हणजे, इतके दिवस सगळ्यांनी मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगितलं होतं, यानं काम सांगितलं. महेश म्हणाला, "बाबा, आफ्रिका? आर यू सिरियस?" मी सिरियस आहे की नाही हे बघायला त्यानं मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दंडात दोन सुया टोचल्या आणि जा म्हणाला.

आम्ही चौघंच होतो. क्लेअर, एक ताडमाड कॅमेरावाला, इनास आणि मी. क्लेअर चाळिशीची, काटकुळी. शूटिंग सुरू करताना ती फ्रेंचमध्ये "सिलाँस" असं ओरडायची, म्हणजे गप्प बसा. एरवी सदानकदा कानाला हेडफोन. मला वाटायचं, गाणी ऐकते. आजकालच्या पिढीला गाण्याशिवाय वाळवंटसुद्धा गोड लागत नाही.

नामिबियात विंडहुकला उतरलो आणि जीपची किल्ली माझ्या हातात आली. स्टेअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, आपल्यासारखा. व्हिटबीत लायसन्स असूनही महेश मला गाडीला हात लावू देत नव्हता. इथं खडीचे रस्ते, मैलोनमैल समोर कुणी नाही, मागनं धुळीचा लोट. कॅमेरावाला म्हणायचा, रस्ता फार खराब आहे. मी हसायचो. कराड-चिपळूण गाडीवर ज्यानं उमेदीची वर्षं घालवली त्याला खड्डे दाखवायचे नसतात.

इनास मागं बसून कुरकुर करायचा. जगभरचे लोक जिथं तोंडाचा आ वासतात, तिथं हा नाक वाकडं करी. स्वाकोपमुंडला समुद्र, धुकं, लाल वाळूच्या टेकड्या. इनास म्हणाला, "समुद्र मळका. सारखा बोलतो." जिराफ दिसला तेव्हा मात्र खूश झाला. "हा बरा. तोंड एवढं वर, पण चकार शब्द नाही." एका शेतावर मालकाची मुलाखत घ्यायची होती. इनासनं त्यांचा डीप फ्रीजर बंद केला. गाडीची किल्ली माझ्याकडे, म्हणून आत काय ठेवायचं, तर स्वतःचा डावा बूट. मालकिणीनं हरणाचं मटण काढायला झाकण उघडलं आणि आमच्याकडे बघून शांतपणे बंद केलं. त्या रात्री आम्हाला भाजी होती.

बोट्सवानाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर तर आम्हाला अडवलंच. माईकवर वारा लागू नये म्हणून केसाळ कव्हर असतं, करड्या मांजरासारखं. नाक्यावरच्या साहेबानं ते दोन बोटांनी उचललं आणि विचारलं, हे कुठल्या जनावराचं कातडं? परवाना दाखवा. इनासनं त्याला आधी डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगितलं. दुपारभर आम्ही नाक्यावर बसलो. शेवटी मी माझी कंगवी काढली, कव्हर मांडीवर घेऊन विंचरलं आणि आतली नायलॉनची शिवण साहेबाला दाखवली. साहेब हसला. इनास म्हणाला, "ड्रायवर, तू असाच शालनचा भांग पाडायचास काय?" मी कंगवी खिशात टाकली. तिचं नाव कुणी माझ्यासमोर काढत नसे. यानं नाक्यावर काढलं, कातड्याच्या चौकशीत.

कलहारीतलं काम म्हणजे खरी परीक्षा. तिथं चिमणीएवढी पाखरं आहेत, पण एकेकटी राहत नाहीत. बाभळीसारख्या झाडावर सगळ्यांनी मिळून गवताची गंजी रचायची, गाडाभर, आणि तिला खालून भोकं पाडून ज्यानं त्यानं आपल्या घरात शिरायचं. इनास म्हणाला, "कॉन्डो." म्हणजे फ्लॅटची बिल्डिंग. त्या बिल्डिंगखाली आम्ही दोघं स्टुलावर बसायचो. तो मशीनच्या काट्यावर डोळे लावून, मी शेजारी. खुणा ठरल्या होत्या. पाखरू बोललं की त्याच्या बुटावर माझा बूट एकदा दाबायचा. गाडी, विमान, मशीन असं काही घाण असलं की दोनदा. तीनदा म्हणजे मलाही कळेना. दोनदा दाबलं की इनास हात वर करायचा, शूटिंग थांबायचं आणि क्लेअर म्हणायची, "गुड इयर्स, इनास." तो मान लववायचा. नाटक्या.

संध्याकाळी काम संपलं की तंबूपुढं बसून तो विचारायचा, "सांग, काय काय ऐकलंस?"

"पाखरं ओरडली."

"कशी?"

"कशी म्हणजे? पाखरासारखी."

"एवढ्यावर मी मशीन कसं लावू? नीट सांग."

मग मी नीट सांगायला लागलो. सकाळी ती लग्नघरातल्या बायकांसारखी बोलतात, सगळ्या एकदम, ऐकणारं कुणी नाही. दुपारी एखादंच, झोपेत बरळल्यासारखं. ससाणा दिसला की सगळ्यांचं तोंड एकदम बंद, आणि मग आतून एक बारीक कुर्र. इनास कानामागं हात धरून ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "कुर्र नंतर काय?" घरी वर्षात बोललो नसेन तेवढं मी त्या स्टुलावर बोललो.

आणि मग मीच माती खाल्ली.

शेवटची संध्याकाळ होती. पाखरं घरी परतताना पकडायची, तो सिनेमाचा शेवट. क्लेअर झाडाच्या पलीकडे कॅमेऱ्यापाशी. एक पाखरू माझ्या नाकासमोर आलं. त्यानं चोचीतली काडी गंजीत खोचली. पसंत पडली नाही, काढली. उलटी करून खोचली. परत काढली. शालन चादर अशीच खोचायची. गादीखाली एक कोपरा घालायचा, लांब उभं राहून बघायचं, काढायचा, परत घालायचा. मी म्हणायचो, कोण येतंय इथं बेसमेंटमध्ये तुझी चादर बघायला. मी त्या पाखराकडे बघत राहिलो. आणि एकदम शांत झालं. जवळच्या एका शेतावरचा पाण्याचा पंप बंद झाला, तेव्हा मला कळलं की इतका वेळ तो चालू होता. चांगला किणकिणत होता. माझा बूट जागचा हलला नव्हता.

पाखरं घरात गेली होती. उद्या निघायचं होतं. इनासनं माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. क्लेअरनं हेडफोन काढले आणि ती जीपकडे गेली.

म्हणजे आता ती परत ऐकणार, पंप सापडणार, इनासचे कान सापडणार. मी तिच्या मागं गेलो. माझं इंग्लिश बसच्या पाटीएवढं. मी म्हणालो, "मॅडम, इनास इयर गुड. माय फूट बॅड."

तिनं माझ्या पायाकडे बघितलं. विचारलं, लागलंय का?

मग मी सगळंच सांगितलं. एक म्हणजे पाखरू, दोन म्हणजे मशीन. त्याला काढू नका, मला काढा. ती ऐकत राहिली. मग मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. पंप तिला ऐकू आला होता. शेत आहे म्हटल्यावर पंप असणार, राहू दे. आणि इनासच्या कानांचं तर त्यानं स्वतःच तिला फोनवर सांगितलं होतं, काम घ्यायच्या आधीच. म्हणून ती हेडफोन लावून त्याच्या मशीनचा सगळा आवाज स्वतः ऐकत होती, पहिल्या दिवसापासून. तिनं त्याला शिकलेला मदतनीस देऊ केला होता. तो नको म्हणाला.

"तो म्हणाला, माझा एक मित्र आहे, तो जेवायला वर येत नाही," क्लेअर म्हणाली. "त्याला आणतो. पण त्याला वाटलं पाहिजे की गरज माझी आहे."

हेडफोनमध्ये गाणी नव्हतीच. म्हणजे इतके दिवस वाळवंटात बसून मी ज्याचा बूट तुडवला, त्याला त्याची काडीची गरज नव्हती. कान खरेच गेले होते, तेवढंच खरं. बाकी लबाडी. मला तळपायापासून राग आला. माझी कीव करायला याला आफ्रिका लागली, वसईकर कुठला. एसटीत शिकलेल्या सगळ्या शिव्या मी जीपपासून तंबूपर्यंत मनात लावून घेतल्या, चढत्या क्रमानं.

इनास तंबूपुढं बसला होता. सूर्य टेकला होता. पंपाचं त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं असणार. त्यानं समोरच्या स्टुलावरची धूळ हातानं झाडली.

"बस, ड्रायवर. आज काय ऐकलंस?"

पहिली शिवी ओठावर होती. मी बसलो.

"आज काही ऐकलं नाही," मी म्हणालो. "शालन आठवली."

"मग तिचं सांग."

"तिचं काय सांगायचं?"

"काहीही सांग. मला अर्धंच ऐकू येतं. कुठं जाणार नाही."

मी चादरीचं सांगितलं. मग एकदा माझ्या गाडीत तिनं तिकीट काढलं होतं आणि कंडक्टरला ओळख दिली नव्हती, ते सांगितलं. हॉस्पिटलमध्ये शेवटी तिनं पाणी मागितलं आणि मी नर्सला विचारायला गेलो, ते सांगितलं. मी परत येईपर्यंत काय झालं तेही सांगितलं. ते मी महेशलासुद्धा सांगितलं नव्हतं.

इनास कानामागं हात धरून, पुढं वाकून ऐकत होता. चादरीला त्यानं गंभीरपणे मान हलवली. पाण्याच्या ठिकाणी, तिकिटाचंच चाललंय असं समजून, तो मोठ्यानं हसला.

मी थांबलो नाही. त्याला हसू दिलं आणि पुढचं सांगत राहिलो.