झबलेवाले मनोहरभाऊ आणि बर्गरची जाहिरात

मनोहरभाऊंना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव, गाव, धंदा यातलं काही विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला. "जन्मला तवा वजन किती होतं तुयं?" समोर बँकेचा मॅनेजर असो की एस.टी.चा कंडक्टर, या प्रश्नाला तो गडबडायचाच. बहुतेकांना उत्तर माहीत नसायचं. मग मनोहरभाऊ त्याच्याकडे अशा काही कणवेनं बघत, की आपलं बालपण हेळसांडीतच गेलं असावं अशी शंका त्या बिचाऱ्याला यायला लागे. मी वर्ध्याला नालवाडीत कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा ते पेढा खायला आले आणि मलाही त्यांनी हेच विचारलं. आईला विचारून सांगतो, असं मी म्हणालो. "सांगजो आठवणीनं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर न्यायला खरंच दारात उभे राहिले.

वर्ध्याच्या बाजारात त्यांचं झबली, टोपडी आणि दुपट्यांचं दुकान होतं. गावातली निम्मी माणसं आयुष्यात पहिल्यांदा कपड्यांत शिरली ती याच दुकानातल्या. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी, आणि शर्टाच्या आत पोटावर काहीतरी फुगलेलं. ते फुगलेलं म्हणजे माल. नागपूरहून नवं कापड आलं की त्याचं एक झबलं मनोहरभाऊ दिवसभर स्वतःच्या अंगाशी बाळगत. कधी पोटावर, कधी काखेत, कधी कॉलरच्या आत मानेभोवती. संध्याकाळपर्यंत खाज सुटली नाही तर माल फळीवर चढायचा, सुटली तर अख्खा गठ्ठा परत. एकदा एका लग्नात ते नवरदेवाला आहेर द्यायला वाकले आणि गळ्यातून गुलाबी दुपटं सुटून थेट नवरदेवाच्या मांडीवर पडलं. मांडवात हशा पिकला. मनोहरभाऊंनी शांतपणे दुपटं उचललं, घडी घातली आणि नवरीला म्हणाले, "वर्षभरानं येजो. हेच देईन. पारखलेलं हाय."

त्यांच्या या पारखण्यावर गावातल्या बायकांचा भारी भरवसा. कपडे घ्यायला यायच्या आणि तासभर प्रश्न विचारत बसायच्या. दात येताना काय द्यावं, रात्री रडतं ते कशानं, मालिश कोणत्या तेलानं. मनोहरभाऊंची उत्तरं साधी असत. ताप असला तर मात्र एकच उत्तर, मले काय विचारून राह्यली, डॉक्टरकडं जा. त्यांच्याच मुली पुढं लग्न होऊन पुण्याला, मुंबईला, कोणी अमेरिकेला गेल्या, आणि त्यांचे फोन दुकानात यायला लागले. दोन हजार सालानंतर गावात इंटरनेट आलं तसे मनोहरभाऊ माझ्याकडे आले आणि खुर्ची ओढून बसले.

"इंटरनेटवर दुकान टाकता येते म्हणते. मले कपडे नाई विकाचे. मले नुसतं सांगाचं हाय."

अशी 'आमचं लेकरू' ही वेबसाइट सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, ते बोलायचे आणि मी टाइप करायचो. मी सवयीनं 'बाळास कोमट पाण्याने स्नान घालावे' असं लिहिलं की ते भडकायचे. असं कोणती आजी बोलते, असं त्यांचं म्हणणं. फॉन्टच्या भानगडीमुळे पहिले कित्येक दिवस पुण्यातल्या आयांना अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते. तरी त्या लिहायच्या, काका, चौकोन दिसताहेत पण तुम्ही आहात हे बघून बरं वाटलं. मला या सगळ्याचं मोठं नवल वाटायचं. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि तोंडात सदा शी, शू आणि गुटगुटीत हे शब्द. पण कॉम्प्युटरच्या पडद्याकडे ते ज्या उत्सुकतेनं बघत, ती माझ्या क्लासातल्या एकाही विद्यार्थ्यात मला कधी दिसली नाही.

साइटचा वर्षाचा खर्च निघावा म्हणून आम्ही जाहिराती घ्यायचं ठरवलं. तिथंही पारख आलीच. गिरडच्या एका सुतारानं पाळण्याची जाहिरात दिली. मनोहरभाऊंनी पाळणा घरी आणवला, त्यात बाळाच्या वजनाची तुरीच्या डाळीची पिशवी ठेवली आणि दुपारभर झोके दिले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, डाळ निजली पण हे काही निजले नाहीत. पाळणा कुरकुरला नाही, पिशवी कडेला सरकली नाही, तेव्हा कुठं सुताराची जाहिरात साइटवर लागली.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. घोळ झाला तो प्रशांतमुळे.

प्रशांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाचं दुकान आता चालणार नाही, लोक रेडीमेडकडे वळलेत, हे त्याचं मत, आणि ते चूक नव्हतं. नागपूरला हॉटेलचा कोर्स करून तो परत आला आणि बापाला न विचारता त्यानं मेन रोडवर 'चटका' नावाचं फास्ट फूडचं दुकान टाकलं. बर्गर, पिझ्झा, नूडल्स. दर्शनी भागाला अख्खी काच, आत लाल खुर्च्या. उद्घाटनाला आलेल्या लोकांदेखत मनोहरभाऊ बोलून गेले, "गावच्या लेकराईचं पोट मी सांभाळलं, आता मायंच पोट्टं ते बिघडवून राह्यलं." त्या दिवसापासून प्रशांत बापाशी बोलेनासा झाला. एकाच घरात राहून दोघं काकूंच्या मार्फत बोलायचे. त्याले सांग जेवाले, यांना सांग जेवलो. काकूंचा नुसता टेलिफोन झाला होता.

चटका चालत नव्हतं. काच लख्ख होती, खुर्च्या लाल होत्या, पण आत कोणी नसायचं. एक दिवस प्रशांत माझ्या क्लासवर आला. खाली बघतच त्यानं विचारलं, बाबांच्या साइटवर चटक्याची जाहिरात लागेल का. साइट वर्ध्यातल्या आया बघतात, पोरांना घेऊन त्याच बाहेर पडतात. नेहमीचा दर देईन, वर्षाचा खर्च सगळा उचलीन. आणि मग हळूच म्हणाला की या महिनाअखेरीस काही जमलं नाही तर दुकान बंद करून तो पुण्याला जाणार आहे. मित्रानं नोकरी बघून ठेवली होती. हे मात्र बाबांना सांगू नको, असं त्यानं मला बजावलं.

मी मनोहरभाऊंकडे जाहिरातीचा विषय काढला. मला वाटलं, ते उसळतील. ते उसळले नाहीत. थोडा वेळ टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "माल आण. पारखल्याबिगर मी नाई म्हणत नाई अन् हाव बी म्हणत नाई."

स्वतः चटक्यात जाणं त्यांच्या अभिमानाला परवडणारं नव्हतं, म्हणून मीच बर्गर आणून दिले. मनोहरभाऊंची खाण्याची पारख अशी, की दिवसभर तेच खायचं, दुसरं काही नाही. माझ्या क्लासात कीबोर्डाशेजारी कागद पसरून ते बर्गर उकलून बघत होते. पावाचा वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा, मधली टिक्की बोटानं दाबून. घड्याळजीही इतक्या बारकाईनं घड्याळ उघडत नसेल. दुपारी दुसरा खाल्ला, संध्याकाळी तिसरा. मग पाण्यावर पाणी, आणि शेवटी खिशातून ओव्याची पुडी निघाली.

"चव हाय पोट्ट्याच्या हाताले," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि ते लपत नव्हतं. "पाव ताजा, तेल ताजं. लबाडी नाई केली त्यानं."

मी लगेच जाहिरातीचा मजकूर उघडला. ते म्हणाले, थांब.

मग आमचा चांगलाच वाद झाला. मी म्हणालो, कोपऱ्यात छोटीशी लावू, खाली 'अधूनमधून खा' असं लिहू. आणि आपण नाही लावली म्हणून पोरं बर्गर खायची थोडीच थांबणार आहेत? मनोहरभाऊंनी पडद्याकडे बोट केलं. तिथं त्यांनीच सांगितलेलं मुगाचं कढण होतं, सहा महिन्यांच्या बाळासाठी. याच्या बाजूला तुयं ते लुकलुकणारं चित्र येईन, ते म्हणाले, मंग आईच्या मांडीवरचं लेकरू कढणाकडं पाहीन का त्या लुकलुकीकडं? मोठ्या माणसाचं पोट मोठ्या माणसानं पाहावं. लेकराला काय द्यायचं ते आई ठरवते, आणि या आया मला विचारून ठरवतात. तीन बर्गर खाऊन मला ओवा लागला, त्यांच्या लेकरानं काय खायचं?

"प्रशांतचं दुकान आहे, भाऊ," मी म्हणालो.

"मले माहीत हाय कोणाचं हाय ते."

विषय संपला. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण पोटच्या पोरापुढं इतकं ताठ राहायचं? काकूंनाही राग आला. साइट काय तुम्ही नऊ महिने पोटात वागवली होती का, असं त्यांनी विचारलं आणि दोन दिवस अबोला धरला. आता त्या घरात कोणीच कोणाशी बोलेना. प्रशांतला मी नकार कळवला तेव्हा त्यानं फक्त मान हलवली. त्याला दुसरं उत्तर अपेक्षितच नव्हतं. त्याचा तो चेहरा बघून मी शब्द मोडला, आणि तो पुण्याला जाणार असल्याचं मनोहरभाऊंना सांगून टाकलं.

ते दुकानात झबल्यांच्या घड्या घालत होते. हात थांबला. पुणं, अरे, पुणं, असं दोनदा म्हणाले. मग त्यांनी मला विचित्रच प्रश्न विचारले. संध्याकाळच्या वेळी चटक्यात कोण असतं? कोणीच नाही, मी म्हणालो. आत कोणी नाही हे रस्त्यावरून दिसतं का? काच आहे, दिसणारच. लाल खुर्च्यांना पाठ टेकायला आहे का? आहे. "हं," एवढंच म्हणून ते पुन्हा घड्या घालायला लागले. मला काही उलगडा होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन रोडवरून जाताना मी सायकलवरून पडता पडता वाचलो. चटक्याच्या काचेला अगदी लागून, रस्त्याकडे तोंड करून, पांढऱ्या टोपीत मनोहरभाऊ बसले होते. हातात बर्गर. एक घास घेत होते, सावकाश चावत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मान डोलावून नमस्कार घालत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापडाच्या बाजारात जुन्या दुकानदारांची एक रीत असते. रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही. म्हणून मंदीच्या दिवसांत भाच्याला, साडूला, कोणालातरी गिऱ्हाईक म्हणून गादीवर बसवायचं आणि त्याच्यापुढं कापड उलगडत राहायचं. रस्त्यावरच्याला वाटतं, इथं काहीतरी आहे. मनोहरभाऊ मुलाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसले होते. पदरचे पैसे मोजून, आणि त्यानंतर रोजच, दिवेलागणीपर्यंत.

आणि वर्ध्यात त्यांना कोण ओळखत नाही? लोक थबकायला लागले. आधी आले ते त्यांच्याच वयाचे. मनोहरभाऊ खाताहेत म्हणजे पारखलेलं असणार, या हिशेबानं नालवाडीची पेन्शनर मंडळी एकेक करून काचेआड दिसायला लागली. लाल खुर्च्यांवर मफलरी आणि हातात बर्गर, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिलेलं नाही. त्यांना बघायला कॉलेजची पोरं यायला लागली. महिनाअखेर आली आणि गेली, प्रशांतनं सामान बांधलं नाही. पण बापाशी तो बोलतही नव्हता. प्लेट आणून ठेवायचा, पैसे घ्यायचा, सुटे परत द्यायचा.

एका संध्याकाळी मी मनोहरभाऊंसमोर जाऊन बसलो. मला ते विचारल्याशिवाय राहवेना. साइटवर जाहिरात नको आणि इथं तुम्हीच जाहिरात होऊन बसलात, हे कसं?

त्यांनी तोंडातला घास संपवला. "तिथं त्यायच्या लेकराचा सवाल होता," ते म्हणाले. "इथं माया लेकराचा हाय."

बाजूच्या टेबलाशी प्रशांत फडक्यानं काच पुसत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबलेला मला दिसला. मनोहरभाऊंना तो दिसला नाही, त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. ते खिशात ओव्याची पुडी चाचपत होते, रोज लागत होता त्यांना ओवा.

प्रशांत टेबलाजवळ आला. त्यानं बापाच्या पुढ्यातली प्लेट हळूच बाजूला सरकवली.

"बाबा, खाऊ नोका आता. नुसते बसा."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मध्ये काकू नव्हत्या. मनोहरभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग त्यांनी प्लेट पुन्हा पुढ्यात ओढली.

"नुसता बसलेला माणूस गिऱ्हाईक नाई दिसत रे," ते म्हणाले आणि त्यांनी उरलेल्या बर्गरला हात घातला.

मी उठलो आणि माझी खुर्ची मोकळी करून दिली. प्रशांत क्षणभर घुटमळला, फडकं खांद्यावर टाकून तिथं बसला, आणि त्यानं बापाच्या प्लेटमधला अर्धा बर्गर मोडून घेतला. बाहेर येऊन मी सायकलचं कुलूप काढलं आणि वळून पाहिलं. काचेला लागून दोन गिऱ्हाइकं दिसत होती.