अमावास्येला लावलेला आरसा

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर ढुंढिराजांनी गाडीचे दार उघडले, तर त्यांच्या सीटवर आधीच आरसा येऊन बसला होता. नाशिकचे मे महिन्यातले ऊन दिवसभर खाऊन समोरच्या काचेवरचा गोंद सुटला होता आणि मागचे दाखवणारा आरसा निमूट खाली उतरला होता. बाहेरचा उजवीकडचा आरसा गाडीच्या आधीच्या मालकानेच कुठेतरी घालवला होता, आणि डावीकडे तो मुळात नव्हताच. म्हणजे आता मागच्या जगाशी ढुंढिराजांचा काही संबंध उरला नाही.

घरी उत्तराबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "आरशाशिवाय मी घाट चढणार नाही. रविवारी सकाळी वणीची एसटी आहे."

लेक आभाला परगावी नोकरी लागली म्हणून वणीच्या गडावर जाऊन देवीची ओटी भरायची होती, आणि ढुंढिराजांच्या गाडीने जायचे ठरले होते. बाईंचा होकार मिळवायला त्यांना सहा महिने लागले होते. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. गॅस, बँक, नळाचा वॉशर, सगळे उत्तराबाई बघत. त्रेपन्नाव्या वर्षी ढुंढिराज गाडी शिकले आणि बाईंना येत नाही असे काहीतरी घरात प्रथमच त्यांना येऊ लागले. तेही आता एसटी घेऊन जाणार होती. बिचाऱ्यांना रात्री जेवण गेले नाही.

घराणे पुरोहितांचे. ढुंढिराजांनी नोकरी धरली तरी पंचांग सोडले नव्हते. या घरात कुकरची नवी रिंगसुद्धा राहुकाळ टाळून बसे. शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि अभिजित मुहूर्त धरला. अभिजित म्हणजे भर दुपार. काच अशी तापली होती की तिच्यावर पापड भाजून निघाला असता. मंत्र पुटपुटत त्यांनी आरसा चिकटवला, हात जोडले, आणि जोडलेले हात सोडेपर्यंत आरसा मांडीत.

"मुहूर्त संपत आला असेल," ते स्वतःशी म्हणाले आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची अख्खी ट्यूब त्यांनी आरशाच्या दांड्यावर रिकामी केली. गोंद काचेला सोडून सगळीकडे गेला. पाच मिनिटांनी ते स्वयंपाकघरात आले ते तर्जनीला लटकलेला आरसा घेऊन.

"अहो, हे काय आणलंत?"

"चिकटला."

"कुणाला?"

कोमट पाणी आणि खोबरेल तेल लावून बोट सोडवायला अर्धा तास लागला. तेवढ्यात देवाच्या फुलांची पुडी घेऊन मोतीराम दारात आला. गंगापूर रोडच्या पलीकडे त्याचा फुलांचा मळा होता. त्याने आधी बोट बघितले, मग आरसा.

"गुरुजी, तापल्या काचेला काय बी धरत नाय," तो म्हणाला. "माझ्या टेम्पोचा असाच पडला व्हता. उद्या पहाटं सहाला येतो. काच गार पायजे."

"उद्या?" ढुंढिराजांचा आवाज चिरकला. "अरे, उद्या शनी अमावास्या! पावणेदहापर्यंत तिथी आहे, तोवर काही नवीन करायचं नाही."

"मंग पावणेदहाला ऊन लागंल."

"सहाला ये," उत्तराबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

शनिवारी पहाटे मोतीरामने काचेवर तळवा ठेवला, तापाच्या पोराचे कपाळ बघावे तसा. मग ब्लेडने जुना गोंद खरवडला, काच पुसली, पुन्हा पुसली, बाहेरून खडूने खूण केली. गोंदाचा त्याने एकच थेंब घेतला. एवढाच! ढुंढिराज श्वास रोखून बघत होते. इतक्या थोडक्यात एवढे मोठे काम होते, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

"आता धा मिन्टं धरून ठेवायचा. हात कापता कामा नाय. मला मार्केट गाठायचंय."

ढुंढिराजांचा हात अमावास्येच्या धास्तीने आधीच कापत होता. म्हणून उत्तराबाई डावीकडच्या सीटवर बसल्या आणि आरसा धरून राहिल्या. दहा मिनिटे त्यांची बांगडीसुद्धा वाजली नाही.

"सरळ लागलाय ना गं?"

"अगदी सरळ. मागची अख्खी काच दिसतेय."

दिवसभर कुणी आरशाला हात लावला नाही.

रविवारी गाडी निघाली. दिंडोरी रोडला लागल्यावर ढुंढिराजांनी प्रथमच वर बघितले. आरशात त्यांना फक्त डावीकडची खिडकी दिसली. त्यांनी हळूच आरसा फिरवून पाहिला. शुक्रवारचा गोंद सांध्यात शिरून दगड झाला होता. आरसा जसा धरला तसाच कायमचा बसला होता, बाईंच्या जागेवरून अगदी सरळ. सांगावे तर बाई इथेच उतरून एसटीला हात करतील. न सांगावे तर पुढे घाट होता.

तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला.

"ट्रक आहे," उत्तराबाई आरशात बघत म्हणाल्या. "डावीकडे घ्या, जाऊ द्या त्याला." ट्रक गेला. "हं, आता मागे कोणी नाही."

"अगं, मला या आरशात काहीच..."

"मला सगळं दिसतंय. तुम्ही पुढे बघा."

नांदुरीचा घाट लागला. एकेका वळणावर शेजारून शांत आवाज येत होता. "जीप येतेय, थांबा. गेली. मोटारसायकल आहे, बायकोला घेऊन चाललाय, सांभाळून." ढुंढिराज सांगितल्यासारखे वळत होते, थांबत होते, निघत होते, आणि त्यांच्या मनातली भीती कुठल्या वळणावर उतरून गेली ते त्यांना कळलेही नाही. या बाईने कधी गाडीचे चाक हातात धरले नव्हते, आणि साऱ्या घाटावर तिची नजर होती. गेली सत्तावीस वर्षे ती घरात बसून हेच करत आली असणार, असे त्यांना वाटले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

गडावर गाडी थांबली. ढुंढिराज घाईघाईने उतरले, वळसा घालून त्यांनी डावीकडचे दार उघडले आणि नकळत दोन्ही हात जोडून उभे राहिले.

"अहो," ओटीचे ताट सांभाळत उतरताना उत्तराबाई म्हणाल्या, "देवी वर आहे."